पालाखालची जमीन

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे येतात, गाढवे येतात, तमाशाचे फड लागतात. त्यांच्याबरोबर वैदू, गोसावी, घिसाडी, मसणजोगी अशा कितीतरी जमातींची बिऱ्हाडे माळावर उतरतात. या जमातींच्या जातपंचायती पिढ्यान्‌पिढ्या याच यात्रेत बसत आल्या आहेत. यात्रेची व्यवस्था नांदेडची जिल्हा परिषद पाहते. पाण्याची सोय होते, दिवे लागतात, आरोग्य पथक आणि जनावरांचे डॉक्टर हजर असतात, कुठे दुकाने आणि कुठे जनावरे हे ठरते. म्हणजे फिरत्या कुटुंबांना उतरायला जागा द्यायची, तिथे पाणी आणि उजेड पोहोचवायचा, गावाचे आणि पाहुण्यांचे व्यवहार सांभाळायचे, हे काम इथल्या प्रशासनाला चांगले येते. वर्षातले काही दिवस ते बिनबोभाट पार पडते. यात्रा उठली की तीच बिऱ्हाडे पुढच्या गावी जातात, आणि तिथे पाल ठोकायला जागा मागितली की चित्र पालटते. मग सरपंच ग्रामसेवकाकडे पाहतो, ग्रामसेवक तलाठ्याकडे, तलाठी तहसीलकडे, आणि शेवटी उत्तर येते की ग्रामसभेचा ठराव आणा.

हा ठरावच या लेखाचा विषय आहे. भटक्या-विमुक्तांच्या घरांसाठी महाराष्ट्रात योजना आहेत, निधीची तरतूद आहे, शासन निर्णय आहेत. अडते ते घर उभे करायच्या जमिनीशी, आणि त्या जमिनीचा निर्णय आपण अशा जागी नेऊन ठेवला आहे जिथे मागणाऱ्याला बसायलाही मिळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की वसाहत गावाच्या शिवारात कुठे व्हावी, हे ठरवण्याचा अधिकार गावाला जरूर असावा. ती व्हावी की नाही, हे ठरवण्याचा नसावा. तो निर्णय तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर, गरजेची यादी समोर ठेवून, कुटुंब दारात येण्याआधीच झालेला असला पाहिजे. या म्हणण्यावर गावाकडून येणारे आक्षेप खोटे नाहीत, काही तर फार वजनदार आहेत. ते पुढे येतीलच.

आधी हे लोक बिनजमिनीचे राहिले कसे, ते पाहू. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानानेही अशा जमातींवर पाळत ठेवणारा स्वतंत्र कायदा केला. नाव नोंदवायचे, पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. मुंबई इलाख्यात सोलापूरला या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. कोंडून ठेवायचे होते तेव्हा सरकारला जमीन मिळाली, ही गोष्ट विसरता येत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. कुंपण गेले, पण पायाखाली काही आले नाही. मराठवाड्यात जमिनीच्या मालकीची मोठी उलथापालथ नेमकी त्याच काळात होत होती. हैदराबाद कूळवहिवाट कायदा १९५० चा. ज्याचे नाव कूळ म्हणून दफ्तरात लागले, तो पुढे मालक झाला. जो गावोगाव फिरून दगड फोडत होता, टोपल्या विणत होता, नांगराचा फाळ शेवटून देत होता किंवा जडीबुटी विकत होता, त्याचे नाव कुठल्याच रकान्यात नव्हते. कसणाऱ्याला जमीन हे तत्त्व चांगलेच होते, फक्त न कसणाऱ्या पण गावाच्याच कामावर जगणाऱ्या माणसासाठी त्यात एक ओळही नव्हती.

तेव्हा ही उणीव जाणवली नाही, कारण गावाला त्यांची गरज होती. खळ्यावरचे पायली-दोन पायली धान्य आणि ओढ्याकाठची रिकामी जागा, एवढ्यावर व्यवहार चाले. आता प्लास्टिकच्या टोपल्या आल्या, कारखान्याची अवजारे आली, दगड यंत्राने फुटू लागला, प्राण्यांचे खेळ कायद्याने बंद झाले. फिरण्याला कारण उरले नाही, तशी कुटुंबे थांबू लागली. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर अशा शहरांच्या कडेला, रेल्वे रुळांजवळ, बाजार समितीच्या आसपास, नाहीतर मोठ्या गावाच्या गायरानावर. हे थांबणे कुणाच्या योजनेने झालेले नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याला आता साडेतीन दशके उलटून गेली. लातूरजवळच्या धनेगावच्या एका मुलाची ती कथा मराठी वाचकाने डोक्यावर घेतली. वाङ्मयात या माणसांना जागा मिळाली. सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर मात्र ती अजून शोधावी लागते.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना याच प्रश्नासाठी आखलेली आहे, आणि मूळ कल्पना म्हणून मला ती फार समंजस वाटते. पालात राहणाऱ्या, गावोगाव भटकणाऱ्या कुटुंबांना प्राधान्य देऊन प्रत्येकी ५ गुंठे जमीन आणि त्यावर २६९ चौरस फुटांचे घर, उरलेल्या जागेत शेळ्या, कोंबड्या किंवा एखादा छोटा धंदा. घराबरोबर पोटाचाही विचार इथे झाला आहे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात ३ गावे निवडायची आणि प्रत्येक गावात २० कुटुंबे वसवायची, असे तिचे मूळ प्रमाण. आता हिशेब मांडू. वीस कुटुंबांना प्रत्येकी पाच गुंठे म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. जिल्ह्यात वर्षाला साडेसात एकर. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, लातुरात १०. या सव्वीस तालुक्यांत मिळून वर्षाला पंधरा एकर जमीन शोधायची आहे. एखाद्या बऱ्या बागायतदाराचे शेत एवढे असते. उद्दिष्ट इतके लहान आहे की दरवर्षी शंभर टक्के पुरे झाले तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून १२० कुटुंबांनाच घर मिळेल. नियम पुढे सैल झाले, वीसपेक्षा कमी कुटुंबांच्या वसाहतीची आणि वैयक्तिक लाभाचीही वाट काढली गेली. पण ही सैलावणी ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याला उपयोगी पडते. ज्याच्याकडे काहीच नाही, तो पुन्हा गावाच्या दारात उभा राहतो.

आणि गावाच्या दारात काय होते? गावात सरकारी म्हणावी अशी जमीन बहुतेक वेळा गायरानच असते. ती वसाहतीसाठी मागायची तर व्यवहारात ग्रामसभेचा ठराव प्रस्तावाला जोडावा लागतो. राज्यघटनेच्या २४३ व्या कलमाप्रमाणे ग्रामसभा म्हणजे त्या गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या लोकांची सभा. ज्या कुटुंबाचा प्रश्न चर्चेला आहे, त्याचे नाव त्या यादीत नसते. ते सभेला आलेच तर कडेला उभे राहते, हात वर करू शकत नाही. यादीत नाव घालायचे तर त्या ठिकाणचा नेहमीचा रहिवास हवा, रहिवासाला जागा हवी, जागेला ठराव हवा. जातीच्या दाखल्याचेही तेच. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जी जमात भटकी म्हणून सवलतीला पात्र ठरते, तिच्याकडूनच एका जागी राहिल्याचा साठ वर्षांपूर्वीचा कागद मागणे, हे तर्कात कसे बसवायचे ते मला समजत नाही. स्थानिक चौकशी अहवालाची वाट आहे, पण चौकशी करणारा अधिकारी आणि चौकशी ज्याची व्हायची तो माणूस एका गावात एका वेळी सापडला पाहिजे.

याउलट ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यासाठी नियम कसे सोपे होत गेले, हे शेजारी ठेवून पाहावे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली खासगी शेतजमीन, ठरलेला कर भरला की, निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. त्यासाठी ग्रामसभेपुढे उभे राहावे लागत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाच्या हातात मिळकतपत्रिका पडते. दोन्ही सुधारणा चांगल्या आहेत, गावकऱ्यांचे हेलपाटे त्यांनी वाचवले. पण ड्रोन गावठाणाच्या रेषेपर्यंत उडतो. पाल त्या रेषेपलीकडे असते. मालकाला वस्ती वाढवायला परवानगी लागू नये आणि बेघराला पहिल्या पाच गुंठ्यांसाठी अख्ख्या गावाची संमती लागावी, ही विषमता एकाही कायद्यात लिहिलेली नाही. वेगवेगळे नियम एकमेकांशेजारी आले आणि ती तयार झाली.

गायरानाच्या कायद्याने हा पेच आणखी घट्ट केला. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सर्व राज्यांना सांगितले. निकालाचा रोख धनदांडग्यांवर होता आणि तो रास्त होता. तळी, चराऊ राने, पाणंदी गिळण्यात बलिष्ठांचा हात मोठा असतो. न्यायालयाने अपवादही सांगितला: सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, अथवा तिथे शाळा, दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर ते नियमित करता येईल. आता महाराष्ट्रातल्या बहुतेक भटक्या-विमुक्त जमाती अनुसूचित जातींतही नाहीत आणि अनुसूचित जमातींतही नाहीत. त्यांचा वेगळा प्रवर्ग आहे. नांदेड-लातूरच्या सीमेवर ही गोष्ट फार बोचते. देगलूर, बिलोली ओलांडून तेलंगणात गेले की लमाणी माणूस अनुसूचित जमातीत मोडतो, उदगीर ओलांडून कर्नाटकात गेले की अनुसूचित जातीत, आणि अलीकडे तो विमुक्त. भाषा, देव, नाती सगळे एक. म्हणून अपवादातले ‘भूमिहीन मजूर’ हे दोन शब्दच इथे आधाराला उरतात, आणि त्यांनाही सरकारी अधिसूचनेचा टेकू लागतो. त्यापाठोपाठ राज्याने १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान व्यक्तीला देण्याची वाट जवळजवळ बंद केली. अतिक्रमण नियमित करण्याचे दार अधूनमधून उघडते, १ जानेवारी २०११ पूर्वीच्या निवासी अतिक्रमणांसाठी २०१८ मध्ये तशी तरतूद झाली. पण त्या तारखेपूर्वी तू इथेच होतास हे सिद्ध कर, ही अट फिरत्या माणसाला पुन्हा आडवी येते.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्य शासनाने दिलेले आकडे बोलके आहेत. राज्यात सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरान. त्यातले सुमारे १० हजार हेक्टर, म्हणजे सव्वादोन टक्के, अतिक्रमणाखाली. अतिक्रमणे सुमारे सव्वादोन लाख. यात सगळ्या जातींचे आणि सगळ्या ऐपतींचे लोक आले, दुकाने आणि इमारतीही आल्या. तरी भागाकार केला तर एका अतिक्रमणाच्या वाट्याला सरासरी साडेचार गुंठे येतात. सरकारची स्वतःची योजना एका भटक्या कुटुंबाला पाच गुंठे देऊ करते. ज्याला आपण गायरान गिळणे म्हणतो, ते सरासरीने सरकारनेच रास्त मानलेल्या मापाच्या आत आहे.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप गुराढोरांचा. मराठवाड्यात पाऊस हुलकावणी देतो, चारा महागतो, आणि गरीब शेतकऱ्याची शेळी गायरानावरच जगते. त्यात पुन्हा वसाहत कशाला, असे गाव विचारते. प्रश्न रास्त आहे. म्हणून वर मांडलेला हिशेब इथे पुन्हा लावून पाहावा. ३४ ग्रामीण जिल्ह्यांत दरवर्षी तीन-तीन वसाहती खरोखर झाल्या, तर वर्षाला सुमारे १०३ हेक्टर लागतील. साडेचार लाख हेक्टरांपैकी एवढ्याने एकाही गावाचे चराऊ रान संपत नाही. दुसरे असे की गायरान इतर कामांना मिळतेच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत, त्यांत गायरानेही आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू उत्तमच आहे, आणि त्या बदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहन अनुदान मिळते. ही कल्पना मला इथे उचलावीशी वाटते. जे गाव वसाहतीला अडीच एकर देईल, त्याच्या पाणीपुरवठ्याला, शाळेच्या खोलीला, पाणंद रस्त्याला तसेच अनुदान का मिळू नये? गावाने एक ओझे उचलले तर सरकारने दुसरे उचलावे. आज गावाला नव्या वीस कुटुंबांसाठी पाणी आणि रस्ता आपल्याच तुटपुंज्या निधीतून काढावा लागेल अशी भीती असते, आणि ती बिनबुडाची नाही.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गावातलेच भूमिहीन अजून वाट पाहत असताना बाहेरून आलेल्यांना जागा का? मराठवाड्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून एकनाथ आवाडांच्या गायरान हक्काच्या लढ्यापर्यंत इथल्या दलितांनी पडीक माळ फोडून वहितीला आणला, त्यासाठी मार खाल्ला, खटले सोसले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला, तरी त्या कसणाऱ्यांपैकी अनेकांना सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी अजून झगडावे लागते. त्यांच्या डोळ्यांदेखत पालातल्या कुटुंबाला पाच गुंठे मिळाले तर कळ उठणार. यावर उत्तर म्हणून दोघांना एकाच तुकड्यावर झुंजायला लावणे, ही सर्वांत वाईट वाट आहे, आणि गावगुंडांना तीच सोयीची असते. गरजेची यादी एकच करावी. तिच्यात गावचा बेघर आणि पालातला बेघर दोघेही असावेत, आणि जागेची आखणी दोघांसाठी एकत्र व्हावी. घरासाठीच्या पाच गुंठ्यांचा प्रश्न कसायच्या जमिनीच्या प्रश्नाहून वेगळा आहे, हेही लक्षात ठेवावे; एकाच्या निकालाने दुसऱ्याचा हक्क कमी होत नाही. ज्या तुकड्यावर कुणाचा गायरानाचा दावा प्रलंबित आहे, तो वसाहतीच्या विचारातून आधीच वगळला पाहिजे. एवढी काळजी घेतली नाही, तर हा आक्षेप खराच ठरेल.

तिसरा आक्षेप कुजबुजीत बोलला जातो: हे लोक आले की चोऱ्या होतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याची ही शिल्लक आहे. ठरावात असे कुणी लिहीत नाही, पण हात वर होण्याआधी ते बोलून झालेले असते. या संशयाची किंमत किती असते हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते, तिथे त्यांना ओळखणारे लोक होते; राईनपाड्यात ते अनोळखी होते. एखाद्या भटक्या माणसाने खरेच गुन्हा केला तर त्याच्यावर गुन्हा नोंदवावा, जसा कुणाही गावकऱ्यावर नोंदवतात. पण ज्याला पत्ता आहे, ज्याची मुले गावच्या शाळेत आहेत, ज्याचे नाव रेशनच्या यादीत आहे, त्याची भीती कमी वाटते. सुरक्षेचा प्रश्न खरोखर मनात असेल तर तो वसाहतीच्या बाजूने जातो.

चौथे म्हणणे असे की ही माणसे टिकत नाहीत, घर दिले तर कुलूप लावून निघून जातात. कुलूप लागते, हे खरे. पण दसरा-दिवाळीनंतर जळकोट, मुखेड, कंधार भागातले कित्येक तांडे आणि वाड्यावस्त्या ऊसतोडीला जातात, तेव्हा तिथेही कुलपेच दिसतात. ती घरे बेवारस आहेत असे कुणी म्हणत नाही. घर असते म्हणून माणूस परत येतो. किनवट-माहूरपासून अहमदपूरपर्यंतचे लमाण तांडे याचा पुरावा आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारा हा समाज एकेकाळचा सर्वांत फिरता. रेल्वेने आणि सडकांनी तो धंदा गेला, तांडे जागीच बसले, आणि आता तांड्यांना महसुली गावाचा आणि स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा देण्याची योजना राज्याने आखली आहे. लमाणांकडे संख्या होती, बसायला माळ मिळाला आणि राजकारणात माणसे पोहोचली. पाच-दहा पालांच्या मसणजोग्यांकडे, वैदूंकडे संख्या नाही. जिथे मतांचा दाब नसतो तिथे कायद्याने दिलेले कर्तव्य तरी हवे.

कर्तव्य काढून घेतले की काय होते, याचा धडा इंग्लंडमध्ये मिळतो. जिप्सी किंवा रोमा लोकांची भाषा भारतीय आर्यभाषांच्या कुळातली आहे. हजारएक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेलेल्यांची ही संतती. १९६८ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक कौन्सिलांवर त्यांच्या गाड्यांसाठी तळ उभारण्याची सक्ती केली. तळ वाढले. १९९४ मध्ये ती सक्ती रद्द झाली, स्वतः जमीन घ्या आणि बांधकामाची परवानगी मागा असे सांगण्यात आले, आणि गावोगावच्या आक्षेपांत त्या परवानग्या अडकू लागल्या. २०१५ मध्ये नियोजन धोरणात ‘फिरणे कायमचे थांबवलेला तो फिरस्ता नव्हे’ अशी व्याख्या आली. म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे थांबलेली माणसे तिने वगळली. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ती भेदभावाची ठरवली आणि २०२३ च्या अखेरीस ती बदलावी लागली. तिथल्या अनेक तळांचे आणखी एक वैगुण्य आहे: ते कचरा डेपोशेजारी, महामार्गाखाली, रुळांलगत आहेत. कुणालाच नको असलेली जागा ती त्यांना. इथेही स्मशानालगतचा तुकडा, नाल्याचे पात्र, दगडखाणीचा खड्डा पुढे केला जातो. म्हणून कुठे हे ठरवण्याचा अधिकार गावाला देताना त्याच्या मर्यादा लिहिलेल्या असाव्यात: शाळा आणि पाणी चालत जाण्याच्या अंतरात, पुराच्या रेषेबाहेर, बारमाही रस्त्यालगत.

जागाच नाही, हे मात्र लातूर जिल्ह्याने तरी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने कोसळला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यासाठी पिकाऊ जमिनी संपादित झाल्या, आराखडे झाले, गावकऱ्यांच्या बैठका झाल्या, वाद झाले आणि मिटलेही. गाव वसवायचेच असे आधी ठरले आणि मग कुठे यावर चर्चा झाली. क्रम असा होता म्हणून ते झाले. त्या कामातली चूकही शिकण्यासारखी आहे. घराचे माप जमीनधारणेवर बांधले होते: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, सर्वांत मोठ्या जमीनदाराला ७५०. जमीन नसलेल्याला घरही लहान. सरळ रेषेतल्या मोठ्या आखणीत जुने शेजार तुटले, वाडे-गल्ल्या विखुरल्या. पालावर राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे, कारण तिथे पाच-सात नातलग कुटुंबांचा घोळका हेच म्हाताऱ्यांना आणि लेकरांना सांभाळण्याचे साधन असते. वीस घरे एका ओळीत मांडण्यापेक्षा ती चौकाभोवती मांडली तर खर्च वाढत नाही, फक्त आराखडा काढणाऱ्याने आधी विचारायला हवे.

भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या, बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, त्यानंतर दहा वर्षांच्या आत भिकू रामजी इदाते आयोगाचा. २०२२ मध्ये केंद्राने या जमातींसाठी पाच वर्षांची २०० कोटींची सीड योजना आणली, तिच्यातही घर हा एक भाग आहे. घरकुलासाठी जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता एक लाखापर्यंत मदत मिळते. अहवाल आणि योजना यांची उणीव नाही. तालुक्याच्या नकाशावर आधीच खूण केलेला अडीच एकरांचा तुकडा हवा आहे, आणि तो कुणी, कोणत्या तारखेपर्यंत खूण करायचा हे कायद्यात हवे आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात प्रत्येक ग्रामपंचायत विकास आराखडा करतेच. त्यात गावाच्या शिवारात मुक्कामाला असलेल्या पालांची नोंद सक्तीची करता येईल, मग कुणाचे नाव मतदारयादीत असो वा नसो. अशा नोंदी एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांनी तालुकावार जागा राखून ठेवाव्यात, आणि ठराव मागवावा तो दोन-तीन पर्यायांपैकी कोणता, एवढ्यापुरताच. ठरलेल्या मुदतीत गावाने निवड केली नाही, तर निवड जिल्ह्याने करावी.

यादीची सुरुवात करायची वेळही आली आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी होणार असलेली जनगणना १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा क्षण प्रमाण मानून होत आहे. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. त्या रात्री पाल ज्या शिवारात असेल, त्या गावाच्या खाती ते कुटुंब मोजले जाते. या खेपेला त्या नोंदीसोबत कुटुंबाची जमात लिहिली जाईल, आणि सव्वीस तालुक्यांत कुठे किती पाले आहेत ते एका रात्रीत कागदावर येऊ शकेल. गणक बॅटरी घेऊन ओढ्याकाठी, बाजारतळावर, वीटभट्टीमागे जाईल तेव्हा गावच्या कोतवालाने त्याच्याबरोबर असावे, कारण पाले नेमकी कुठे आहेत हे त्याला पाठ असते.